किती आणि कितव्या दिवशी

अतिदक्षता विभागातील रुग्णाच्या खाटेशी लावलेला चोवीस तासांचा तक्ता बारकाईने वाचला, तर त्यातली एक विसंगती लगेच लक्षात येते. रक्तदाब टिकवणाऱ्या नॉरअ‍ॅड्रेनलिनचा वेग केव्हा वाढवला आणि पहाटे तो कितीवर आणला, याची नोंद दशांश चिन्हापर्यंत असते. प्रतिजैविकाची मात्रा मूत्रपिंडाच्या कार्यानुसार बदललेली असते आणि औषधाचा आज कितवा दिवस, हेही नावापुढे लिहिलेले असते. त्याच कागदावर खाली आहाराची एक ओळ असते : ‘आरटी फीड, २०० मिली, दर दोन तासांनी’. आरटी म्हणजे राइल्स ट्यूब, नाकातून जठरापर्यंत जाणारी नळी. रुग्ण दाखल झाल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेली ही ओळ पुष्कळदा विसाव्या दिवशीही जशीच्या तशी उतरवलेली दिसते.

हे दोनशे मिलिलिटर कशाचे, त्यात प्रथिने किती, रात्रीचा खंड सोडून दिवसातल्या दहा वेळांपैकी प्रत्यक्षात किती वेळा ते पोटात गेले आणि आज आजाराचा कितवा दिवस आहे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या ओळीत नसते. औषध मात्रेत मोजायचे आणि अन्न मात्र शुश्रूषेचा भाग म्हणून उरकायचे, ही विभागणी जुनी आहे, आणि पोषणाविषयीचे पुरावे जोवर मोघम होते तोवर ती खपूनही जात होती. आता ती अधिक धोकादायक झाली आहे, आणि त्याचे कारण पुराव्यांची सुधारलेली गुणवत्ता हेच आहे. गेल्या पंधरा वर्षांतील मोठ्या चाचण्यांनी असे दाखवले की गंभीर आजाराच्या पहिल्या आठवड्यात कमी अन्न दिल्याने मृत्यू वाढत नाहीत आणि काही बाबतींत कमीच बरे पडते. हा निष्कर्ष भक्कम आहे. पण त्याला मुदत आहे, आणि तो ज्या शरीरांवर तपासला गेला त्या शरीरांची विशिष्ट घडण आहे. या दोन्ही अटी गाळून ‘कमी चालते’ एवढेच वाक्य रुग्णालयांत रुजले, तर त्याचा भार मुळातच तुटपुंजे स्नायू घेऊन दाखल होणाऱ्या भारतीय रुग्णावर पडेल.

आधी शरीरात काय घडते ते पाहू. निरोगी माणूस उपाशी राहिला तर काही दिवसांत त्याचा चयापचय जुळवून घेतो. यकृत चरबीपासून कीटोन तयार करते, मेंदू ग्लुकोजऐवजी त्यांवर बराचसा भागवतो आणि ग्लुकोज बनवण्यासाठी स्नायू मोडण्याची गरज घटते. गंभीर आजारात ही काटकसर जमत नाही. ग्लासगोचे डेव्हिड कथबर्टसन यांनी १९३०च्या दशकात हाड मोडलेल्या रुग्णांच्या लघवीतील नायट्रोजन मोजला, तेव्हा त्यांना दिसले की जखमेच्या जागी वाया गेलेल्या ऊतींच्या हिशेबात न बसणारी प्रथिनांची झीज सबंध शरीरभर चालू आहे. पुढे त्यांनी या प्रतिसादाचे दोन टप्पे सांगितले : सुरुवातीची मंदावलेली ओहोटी आणि त्यानंतर येणारी मोडतोडीची भरती. दाह पसरवणारे रेणू, कॉर्टिसोल आणि अ‍ॅड्रेनलिन यांच्या प्रभावाखाली स्नायूंतील प्रथिने फोडली जातात. त्यांतील अमिनो आम्ले यकृताकडे जातात, आणि तिथे त्यांपासून ग्लुकोज आणि दाहाशी झुंजणारी प्रथिने बनतात.

या झिजेचा वेग साध्या गणिताने कळतो. एक ग्रॅम नायट्रोजन म्हणजे सुमारे सव्वासहा ग्रॅम प्रथिने, आणि तेवढी प्रथिने साधारण तीस ग्रॅम ओल्या स्नायूत असतात. जंतुसंसर्गाने अत्यवस्थ झालेल्या रुग्णाच्या लघवीतून दिवसाला वीस ग्रॅम नायट्रोजन जात असेल, तर तो सव्वाशे ग्रॅम प्रथिने, म्हणजे जवळपास सहाशे ग्रॅम स्नायू गमावत असतो. लंडनमध्ये झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६३ रुग्णांच्या मांडीच्या पुढच्या स्नायूचे सोनोग्राफीने क्रमाने मोजमाप केले गेले. दहा दिवसांत त्या स्नायूचा आडवा छेद सरासरी १७.७ टक्क्यांनी घटला होता, आणि ज्यांचे एकाहून अधिक अवयव निकामी झाले होते त्यांच्यात ही घट जास्त होती. या काळात रुग्णाचे वजन मात्र अनेकदा वाढलेले असते, कारण शिरेतून दिलेले द्रव ऊतींत साचते. सुजेखाली स्नायू वितळत असतात आणि काटा उलटे सांगत असतो.

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे जेवढे जाते आहे तेवढे भरून काढणे. बराच काळ वैद्यकाने हाच विचार केला. १९६८ मध्ये फिलाडेल्फियात स्टॅन्ली डुड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केवळ शिरेवाटे दिलेल्या पोषणावर कुत्र्यांची पिल्ले वाढू शकतात हे दाखवले आणि आतडे निकामी असलेल्या माणसांनाही जगवण्याचा मार्ग खुला झाला. १९७४ मध्ये चार्ल्स बटरवर्थ यांनी रुग्णालयातच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रुग्णांचे कुपोषण कसे होते हे एका गाजलेल्या लेखात मांडले. उपासमार दिसली, साधन हाती आले, आणि पुढची काही दशके भरघोस पोषणाची ठरली.

हा विचार फसतो तो तीन कारणांनी, आणि ही कारणे समजून घेतल्याशिवाय पुढचा मुद्दा कळणार नाही. पहिले असे की निरोगी माणसाने जेवण केले की यकृत स्वतःचे ग्लुकोज-उत्पादन थांबवते. गंभीर आजाराच्या सुरुवातीला ते थांबत नाही. शरीर आपल्या गरजेचा मोठा हिस्सा आतूनच पुरवत असते आणि बाहेरून दिलेले अन्न त्यावर अधिक म्हणून पडते. श्वासातील ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजून ऊर्जेचा एकूण खर्च काढता येतो, पण त्यातला किती खर्च शरीराने आतून भागवला, हे त्या यंत्राला सांगता येत नाही. दुसरे असे की दाह आणि निश्चलता यांमुळे स्नायू मिळालेली अमिनो आम्ले बांधणीसाठी वापरू शकत नाहीत; न वापरलेली अमिनो आम्ले युरियात रूपांतरित होतात आणि तो युरिया बाहेर टाकण्याचे काम आधीच थकलेल्या मूत्रपिंडावर पडते. तिसरे असे की पेशी आपल्यातील बिघडलेले भाग स्वतःच मोडून साफ करतात; स्वभक्षणाची ही प्रक्रिया उपाशी अवस्थेत वेग घेते आणि भरपूर पोषणाने दबते. बेल्जियममधील ल्युव्हेनच्या संशोधकांच्या मते सुरुवातीच्या अतिपोषणाने होणाऱ्या हानीचे हे एक संभाव्य कारण आहे.

चाचण्यांचे निकाल या शरीरक्रियेशी बरेचसे जुळतात. ल्युव्हेनच्याच पुढाकाराने झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४,६४० रुग्ण होते. नळीवाटे जाणारे अन्न कमी पडते म्हणून पहिल्या ४८ तासांतच शिरेवाटे पूरक पोषण सुरू केलेल्या गटात २६.२ टक्के रुग्णांना नवा जंतुसंसर्ग झाला, तर तेच पोषण आठव्या दिवसापर्यंत लांबवलेल्या गटात २२.८ टक्क्यांना. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील ३,९५७ रुग्णांत नेहमीचे आणि दीडपट कॅलरींचे द्रव यांची तुलना झाली. नव्वद दिवसांतील मृत्युप्रमाणात फरक आढळला नाही. २०२३ मध्ये फ्रान्समधील ३,०४४ रुग्णांच्या चाचणीने टोक गाठले. व्हेंटिलेटरवर असलेल्या आणि रक्तदाबासाठी औषधे लागणाऱ्या या रुग्णांपैकी एका गटाला पहिले सात दिवस दर किलो वजनामागे रोज केवळ ६ कॅलरी दिल्या गेल्या, दुसऱ्याला २५. मृत्युप्रमाण जवळपास सारखे राहिले. उलट्या, जुलाब, आतड्याचा रक्तपुरवठा तुटणे हे प्रकार कमी कॅलरींच्या गटात कमी झाले आणि तो गट अतिदक्षता विभागातून बाहेर पडण्याजोगा किंचित लवकर झाला.

प्रथिनांची गोष्टही वेगळी नाही. दर किलोमागे २.२ ग्रॅम किंवा अधिक आणि १.२ ग्रॅम किंवा कमी यांची तुलना करणाऱ्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या तेराशे रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत जास्त प्रथिनांचा फायदा दिसला नाही आणि मूत्रपिंडाला इजा झालेल्यांत अपायाची चिन्हे दिसली. त्यानंतरच्या वर्षी नेदरलँड्स आणि बेल्जियममधील चाचणीत दोन ग्रॅमच्या गटाचे पुढील सहा महिन्यांतील जीवनमान १.३ ग्रॅमच्या गटापेक्षा खालावलेले आढळले.

एवढे वाचून विचारी डॉक्टरने पहिल्या आठवड्यात हात आखडता घेतला, तर ते योग्यच आहे. प्रश्न त्यानंतर सुरू होतो.

या चाचण्यांचा मूळ आराखडा पाहिला की त्यांची मुदत स्पष्ट होते. दोन गटांच्या आहारात ठेवलेला फरक कुठे सहा दिवसांचा होता, कुठे सात, फार तर दोन किंवा चार आठवड्यांचा; आणि लांब मुदत ठेवलेल्या चाचण्यांतही बहुतेक रुग्ण आठवड्याभरात बरे होऊन किंवा दगावून बाहेर पडत असल्याने प्रत्यक्ष फरक काही दिवसांचाच राहिला. म्हणजे या साऱ्या पुराव्याने ज्या प्रश्नाचे उत्तर दिले तो असा आहे : तीव्र टप्प्यात काही दिवस कमी दिले तर चालते का? पंचविसाव्या दिवशी गळ्यात ट्रॅकिऑस्टॉमीची नळी असलेल्या आणि व्हेंटिलेटर सुटत नसलेल्या रुग्णाला किती द्यावे, हा प्रश्न त्यांनी विचारलेलाच नाही. या टप्प्यापर्यंत दाह बराचसा ओसरलेला असतो, यकृताचे स्वतःचे ग्लुकोज-उत्पादन आवरलेले असते, स्नायू पुन्हा बांधणी करू शकतात. पहिल्या आठवड्यात कमी देण्याची जी तीन कारणे वर दिली, ती या दिवसापर्यंत दुबळी झालेली असतात किंवा उरलेली नसतात. इथे प्रामाणिकपणे हेही म्हटले पाहिजे की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पोषण वाढवल्याने प्राण वाचतात हे निर्णायकपणे दाखवणारी मोठी चाचणीही झालेली नाही. मात्र ज्या निर्णयाची कारणे कालबद्ध आहेत तो निर्णय ती संपल्यावरही चालू ठेवायचा असेल, तर त्याला नवे कारण द्यावे लागेल, आणि तसे कारण कोणी दिलेले नाही.

दुसरी अट रुग्णांच्या घडणीची. या चाचण्यांतील रुग्णांचा सरासरी बॉडी मास इंडेक्स २७ ते ३० च्या पट्ट्यात होता. म्हणजे सरासरी रुग्ण जादा वजनाचा होता, आणि आठवडाभराची तूट सोसण्याजोगा साठा घेऊनच आला होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील १८.७ टक्के स्त्रिया आणि १६.२ टक्के पुरुषांचा हा निर्देशांक १८.५ च्या खाली आढळला. आपल्या अतिदक्षता विभागांत येणाऱ्यांत जुना क्षयरोग, यकृताचा सिऱ्होसिस किंवा कर्करोग सोबत घेऊन येणारे बरेच असतात. त्यांची उपासमार दाखल होण्याच्या कित्येक आठवडे आधी सुरू झालेली असते.

ज्यांचे वजन ठीक दिसते त्यांचीही खात्री देता येत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय शरीराचे वर्णन ‘बारीक पण चरबीयुक्त’ असे केले. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छायाचित्रात ते स्वतः आणि लंडनचे जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत, दोघांचा बॉडी मास इंडेक्स २२.३, पण शरीरातील चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिन यांची ९.१ टक्के. मधुमेहाच्या संदर्भात हे उदाहरण अनेकांनी ऐकले असेल. अतिदक्षता विभागाच्या दृष्टीने त्याची दुसरी बाजू महत्त्वाची आहे : त्याच वजनात चरबी जास्त म्हणजे स्नायू कमी. रोज सहाशे ग्रॅम स्नायू मोडला जात असेल, तर मुळात कमी असलेली ठेव लवकर संपते. ती संपते तेव्हा सर्वांत आधी जाणवतो तो श्वासपटल आणि बरगड्यांमधील स्नायूंचा दुबळेपणा. व्हेंटिलेटर काढण्याचे प्रयत्न फसू लागतात आणि कारण फुप्फुसात शोधले जाते.

याचा अर्थ कृश रुग्णाला पहिल्या दिवसापासून भरघोस द्यावे, असा मात्र नाही; तसे केल्यास धोका वेगळा आणि अधिक तातडीचा असतो. दीर्घ उपासमारीनंतर पिष्टमय पदार्थ एकदम मिळाले की इन्सुलिन उसळते आणि रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढले जाते. साठे आधीच रिते असल्याने रक्तातील पातळी कोसळते. फॉस्फेटविना पेशीला ऊर्जा साठवता येत नाही. श्वसनाचे स्नायू शिथिल पडतात, हृदयाची लय बिघडते, आणि ग्लुकोज वापरण्यासाठी लागणारे थायमिन संपल्यास मेंदू व हृदयाला इजा होते. दुसऱ्या महायुद्धातील जपानी युद्धकैद्यांविषयी १९५१ मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी लिहिलेल्या वृत्तांतात अन्न मिळू लागल्यावरही काही जण दगावल्याची नोंद आहे. १९८१ मध्ये शिरेवाटे जोमाने पोषण दिलेल्या दोन कृश स्त्रियांचे मृत्यू याच यंत्रणेने स्पष्ट करण्यात आले. म्हणजे ज्या रुग्णाला पुढे सर्वाधिक अन्न लागणार आहे, त्यालाच सुरुवातीला सर्वाधिक सावधपणे द्यावे लागते. फॉस्फेटची तपासणी मात्र आपल्याकडे सोडियम-पोटॅशियमसारखी रोजच्या यादीत क्वचितच असते, त्यामुळे हा विकार घडतो आणि ‘अचानक बिघडले’ या सदरात जमा होतो.

आता नळीतून प्रत्यक्षात काय जाते ते पाहू. आपल्याकडील बऱ्याच रुग्णालयांत, विशेषतः सरकारी आणि धर्मादाय संस्थांत, नळीचा आहार स्वयंपाकघरात बनतो. कारण स्पष्ट आहे : तयार पावडरचा रोजचा खर्च अनेक कुटुंबांना झेपत नाही. घरगुती घटकांचा आहार वाईटच असतो असे नाही. पण त्याचे गणित मांडावे लागते. समजा, दोन लिटर आहारासाठी एक लिटर गाईचे दूध, ५० ग्रॅम नाचणीचे पीठ, ६० ग्रॅम मूगडाळ, ५० ग्रॅम साखर आणि २० मिलिलिटर तेल वापरले. यातून साधारण १,४०० कॅलरी आणि ५० ग्रॅम प्रथिने मिळतील. साठ किलोच्या रुग्णाला तीव्र टप्पा ओसरल्यावर दर किलोमागे २५ कॅलरी आणि १.३ ग्रॅम प्रथिने द्यायची म्हटले, तर लक्ष्य १,५०० कॅलरी आणि ७८ ग्रॅम प्रथिनांचे होते. कॅलरी जवळपास पोचल्या. प्रथिने दोन-तृतीयांशांवरच थांबली.

हाही कागदावरचा हिशेब. मिश्रण दाट झाले की नळी तुंबते, म्हणून ते गाळले जाते आणि डाळीचा गर गाळणीत राहतो. तरीही जाईना म्हणून कोमट पाणी घालून पातळ केले जाते, आणि दोनशे मिलिलिटरचा आकडा तसाच राहून आतला ऐवज घटतो. तयार पावडरही वाचत नाही : डबा चार दिवसांऐवजी सहा दिवस पुरावा म्हणून चमचे कमी होतात. नातेवाइकांनी मायेने आणलेले वरणाचे पाणी, सूप, ताक यांत द्रव भरपूर आणि प्रथिने नाममात्र. आणि मूत्रपिंड निकामी असेल तर नारळपाण्यातील पोटॅशियम हा वेगळाच धोका. शिवाय वाटलेले मिश्रण खोलीच्या तापमानाला काही तास राहिले की जंतूंची वाढ होते, आणि मग होणारे जुलाब ‘फीड सोसत नाही’ या नावाखाली फीड बंद करण्याचे कारण ठरतात.

बंद करण्याची कारणे तशीही खूप आहेत. सीटी स्कॅनसाठी उपाशी, ट्रॅकिऑस्टॉमीसाठी मध्यरात्रीपासून उपाशी, ती उद्यावर ढकलली गेली तर पुन्हा उपाशी, श्वासनलिकेतील नळी काढून पाहायची म्हणून उपाशी. नळीतून दीडशे मिलिलिटर परत आले म्हणून सिस्टर फीड थांबवतात आणि पुढच्या राउंडपर्यंत ते थांबलेलेच राहते. २०१३ मध्ये फ्रान्समधील ४४९ रुग्णांच्या चाचणीने जठरातील शिल्लक नेमाने न मोजल्यासही न्यूमोनिया वाढत नाही असे दाखवले, आणि २०१६ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी अन्य त्रास नसेल तर पाचशे मिलिलिटरच्या आत आहार थांबवू नये असे म्हटले. तरी जुना आकडा वॉर्डाच्या सवयीत टिकून आहे. दहापैकी तीन वेळा आहार चुकला, तर वरच्या उदाहरणातील रुग्णाला ९८० कॅलरी आणि ३५ ग्रॅम प्रथिने मिळतात, म्हणजे दर किलोमागे ०.६ ग्रॅमहूनही कमी. मागच्या पानावरचा आदेश मात्र दोन लिटरचाच असतो.

उलट पहिल्या आठवड्यात, जेव्हा कमी द्यायचे असते, तेव्हा कोणी न मोजलेल्या कॅलरी दुसऱ्या वाटेने जात असतात. झोपेसाठी दिले जाणारे प्रोपोफॉल हे दहा टक्के चरबीचे इमल्शन आहे. तासाला १५ मिलिलिटर या वेगाने दिवसाला त्यातून जवळपास ४०० कॅलरी जातात. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या दोन लिटरमधून आणखी ३४०. या दोहोंत प्रथिने शून्य. म्हणजे नको त्या आठवड्यात साखर आणि चरबी जादा, आणि हव्या त्या आठवड्यात प्रथिने तोकडी, अशी उलटी मांडणी कोणीही ठरवून न करता तयार होते. एकेक निर्णय सुटा पाहिला तर प्रत्येकाला सबळ कारण असते. बेरीज मात्र कोणाच्याच कामाच्या यादीत नसते.

या स्थितीत ‘कमी चालते’ हे वाक्य येते तेव्हा त्याचे काम बदलते. युरोपातील विभागात ते मोजूनमापून, आखून कमी करण्याचे समर्थन असते. आपल्याकडे ते न मोजलेल्या, नकळत पडलेल्या तुटीला शास्त्रीय आधार देते. पहिल्या स्थितीत आठव्या दिवशी आहार वाढवणारा कोणीतरी असतो, कारण तो कमी केला होता हे नोंदलेले असते. दुसऱ्या स्थितीत वाढवण्याजोगे काही आहे हेच कोणाला ठाऊक नसते.

पुढील परिणाम सावकाश उलगडतो, आणि म्हणूनच तो हिशेबातून निसटतो. रुग्ण अतिदक्षता विभागातून वॉर्डात जातो. नाकातली नळी काढणे हे सुधारणेचे लक्षण मानले जात असल्याने ती लवकर काढली जाते. पण श्वासनलिकेत बरेच दिवस नळी राहिल्याने गिळणे बिघडलेले असते, चव गेलेली असते, हात चमचा धरू शकत नसतात. श्वासनलिकेतील नळी काढल्यानंतरचे सात दिवस पाहणाऱ्या २०१० मधील एका छोट्या अमेरिकी अभ्यासात तोंडाने खाणाऱ्या रुग्णांचे सरासरी सेवन गरजेच्या निम्म्यापर्यंतही पोचले नव्हते. नेमका हाच काळ शरीर बांधणीला तयार असण्याचा. टोरांटोतील मार्गरेट हेरिज यांच्या गटाने २००३ मध्ये फुप्फुसांच्या तीव्र इजेतून वाचलेल्या १०९ जणांचा वर्षभराचा मागोवा प्रसिद्ध केला. विभागातून बाहेर पडताना त्यांचे वजन मूळ वजनाच्या सरासरी १८ टक्क्यांनी घटलेले होते, आणि वर्षानंतरही उरलेल्या अक्षमतेचे मुख्य कारण फुप्फुसांपेक्षा स्नायूंची झीज आणि थकवा हे होते. त्यातील अपोषणाचा वाटा किती आणि आजाराचा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. पण ज्या समाजात कमावत्या माणसाचे काम अंगमेहनतीचे आहे आणि घरी पुनर्वसनाची सोय नाही, तिथे हाच परिणाम अधिक खोल जाईल, हे अनुमान सावध माणसालाही टाळता येणार नाही. रुग्णालयाच्या आकडेवारीत असा रुग्ण ‘बरा होऊन घरी गेला’ असाच नोंदला जातो.

उपाय महागडे नाहीत. ते शिस्तीचे आहेत. आहाराच्या आदेशात मिलिलिटरसोबत कॅलरी, ग्रॅममधील प्रथिने आणि आजाराचा दिवस लिहिला जावा; प्रोपोफॉल आणि डेक्स्ट्रोजच्या कॅलरी त्याच ओळीत याव्यात. ‘दिले’ असा वेगळा रकाना असावा आणि चुकलेला आहार उरलेल्या तासांत भरून काढण्याची मुभा परिचारिकेला असावी. स्वयंपाकघरातील पाककृती वजन करून ठरवलेली असावी, आणि प्रथिनांची तूट अंड्याचा पांढरा भाग, स्किम्ड दुधाची पावडर अशा परवडणाऱ्या घटकांनी भरून काढता येते का हे आहारतज्ज्ञाने पाहावे. रक्तदाब सावरल्यावर ४८ तासांच्या आत थोड्या मात्रेने सुरुवात, पहिल्या आठवड्यात पायरीपायरीने वाढ, कृश रुग्णाला आहाराआधी थायमिन आणि पहिले काही दिवस रोज फॉस्फेट, आणि ते घसरल्यास वाढ थांबवणे, हा क्रम कोणत्याही जिल्हा रुग्णालयाच्या आवाक्यातला आहे. नळी काढण्याचा निर्णय रुग्ण गरजेच्या निदान दोन-तृतीयांश तोंडाने घेतो की नाही हे मोजून व्हावा, आणि वॉर्डात पाठवताना प्रतिजैविकाच्या दिवसांइतकीच आहाराची योजनाही कागदावर जावी. अन्नासोबत हालचाल नसेल तर स्नायू बांधला जाणार नाही, म्हणून फिजिओथेरपी या यादीबाहेर राहू शकत नाही.

यांतील प्रत्येक सूचनेवर आक्षेप घेता येईल आणि काही बाबतींत पुढचे पुरावे आकडे बदलतीलही. आजच्या आकड्यांपेक्षा त्यांच्यामागची अट टिकाऊ आहे : पोषणाचा कोणताही नियम आजाराचा दिवस, शरीराचा साठा आणि प्रत्यक्ष पोचलेली मात्रा या तीन गोष्टींविना अपुरा असतो. पैकी पहिल्या दोन चाचण्यांच्या आराखड्यातून आणि रुग्णाच्या तपासणीतून कळतात. तिसरी फक्त आपल्याच विभागात, आपल्याच हातांनी मोजून कळते. ती मोजली जात नाही तोवर परदेशातील चाचणीने ‘कमी’ म्हटले काय किंवा ‘जास्त’ म्हटले काय, त्या निष्कर्षाची तुलना कशाशी करायची हेच आपल्याजवळ नसेल, आणि आपल्या रुग्णाला त्यातले नेमके काय लागू पडते याचा निर्णय पुराव्याऐवजी वॉर्डाची सवय करत राहील.